कलम अकरा आणि अठ्ठावन्न किलो

माझ्या व्यायामाच्या वहीला मी रोजनामा म्हणतो. छत्तीस वर्षे न्यायालयाच्या कचेरीत काढल्यावर दुसरा शब्द सुचत नाही. प्रत्येक खटल्याचा एक रोजनामा असतो. त्या दिवशी कोण हजर होते, काय घडले आणि पुढची तारीख कोणती, एवढेच त्यात लिहायचे. माझ्या वहीतही तेच आहे. हजर मी एकटा. घडले ते किलोंमध्ये. पुढची तारीख नेहमी परवाची, कारण सदुसष्ट वर्षांच्या माणसाने रोज वजन उचलू नये असा आमच्या प्रशिक्षक बाईंचा दंडक आहे. या वर्षी पौषापासून चैत्रापर्यंत लिहिलेली ती पाने मी आज पुन्हा वाचली. बहुतेक नोंदींच्या शेवटी एकच शब्द आहे : दमलो.

सुरुवात एका पत्राने झाली. महापालिका, वीज कंपनी, बँक, टपाल खाते, वर्तमानपत्रांचे संपादक अशा सर्वांना मी गेली चाळीस वर्षे पत्रे लिहीत आलो आहे आणि त्यांतल्या बहुतेकांनी उत्तर न देण्याचे आपले धोरण निष्ठेने पाळले आहे. त्यामुळे तालमीचा शिक्का असलेले, माझ्या नावाचे पाकीट पाहून मी आधी सुखावलो. आत काही ओळी होत्या. 'नियमावलीच्या कलम अकरानुसार, रथाच्या धुरीवर उभे राहू इच्छिणाऱ्या प्रत्येक सभासदाने रथयात्रेपूर्वी एक महिन्याच्या आत तालमीतील पन्नास किलो वजनाची मोठी नाल जमिनीवरून उचलून छातीला लावावी व तीन श्वास धरावी. या नियमास वय, ज्येष्ठता अथवा पूर्वसेवा या कारणांवरून कोणताही अपवाद केला जाणार नाही. आपण पाडव्याच्या दिवशी सकाळी सात वाजता हजर राहावे.'

मी संतापलो. शेवटचे वाक्य सोडले तर सगळी भाषा माझी होती.

पंचवटीत जे राहत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चैत्रातल्या एकादशीला आमच्याकडे रथ निघतो. लाकडी, उंच, मोठ्या चाकांचा. पुढे लांब दोर बांधलेले असतात आणि शेकडो लोक ते ओढतात. दोराला कोणीही हात लावावा. पण रथाला आपण होऊन वळता येत नाही. त्याच्या पुढच्या बाजूस एक जाड धुरी असते. वळण आले की आमच्या तालमीची सहा माणसे तिला छाती भिडवून रथ वळवतात, आणि उतारावर तीच माणसे त्याला आवरतात. दोर ओढणाऱ्यांचे तोंड रस्त्याकडे असते, धुरीवाल्यांचे रथाकडे. मी सव्विसाव्या वर्षी धुरीवर प्रथम उभा राहिलो. तेव्हापासून रथ निघाला आणि मी त्याच्यासमोर उलट्या पावलांनी चाललो नाही, असे एकदाही झालेले नाही. माझ्याजवळ मान म्हणावा असा दुसरा कोणता नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल कपाटात आहे. ती मोजत नाही.

नाल म्हणजे काळ्या दगडाचे जाड कडे. मधल्या पोकळीत हात घालून ते उचलायचे. आमच्या तालमीत लहान, मधली आणि मोठी अशा तीन आहेत, आणि मोठी पन्नास किलोंची, हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते. मलाही सोळाव्या वर्षी तसेच सांगितले होते.

तेवीस वर्षांपूर्वी उताराच्या वळणावर धुरी निसटली आणि आमच्या एका सभासदाच्या पायावरून चाक गेले. तो आजही काठी घेऊन चालतो. त्या दिवशी धुरीवर दोन माणसे निव्वळ मानासाठी उभी होती, अंगात जोर नसताना. सगळ्यांना ते ठाऊक होते. कोणी बोलत नव्हते. मी तेव्हा तालमीचा चिटणीस होतो. एका रविवारी दार लावून बसलो आणि एकवीस कलमांची नियमावली लिहून काढली. अकरावे कलम लिहिताना मला जे समाधान मिळाले ते नोकरीत कधी मिळाले नव्हते. पुढच्या आठवड्यात रंगाऱ्याकडून त्या दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटने '५०' असा आकडा घालून घेतला, म्हणजे पुढे कोणी वाद काढायला नको.

त्या कलमाने पहिल्याच वर्षी ज्यांना अडवले, ते आमचे वस्ताद होते. मला बैठक कशी मारायची, श्वास कुठे सोडायचा, धुरी रेटताना टाच कुठे रोवायची, हे सगळे त्यांनी शिकवले. तेव्हा त्यांना सत्तरावे लागले होते. पाडव्याच्या सकाळी ते धोतराचा काचा मारून पुढे आले, दगडाला नमस्कार केला आणि उचलला. गुडघा, मांडी, कंबर. कंबरेपाशी नाल थांबली. त्यांनी एकदा दम घेतला, दुसऱ्यांदा घेतला, आणि ती सावकाश खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. मातीत आवाजही झाला नाही. मी वही उघडून उभा होतो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी लिहिले.

वस्ताद माझ्या खांद्यावरून वहीत डोकावले. "अक्षर चांगलं आहे रे तुझं," ते म्हणाले. "दंड कधी नीट जमले नाहीत, पण अक्षर चांगलं आहे."

लोक हसले. तेही हसले. त्यानंतर ते तालमीत आले नाहीत. रथाच्या दिवशी वळणावरच्या एका दुकानाच्या पायरीवर बसलेले मला दिसले. मग मुलीकडे निफाडला राहायला गेले आणि चौदा वर्षांनी तिथेच वारले.

आता माझ्या बाजूचीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पुढची अनेक वर्षे मी ती नाल दर पाडव्याला उचलली आणि माझ्या नावापुढे 'पात्र' लिहिले गेले. साठी ओलांडल्यावर ती जड होत गेली. दोन वर्षांपूर्वी माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. गेल्या वर्षी तालमीची कार्यकारिणी बदलली आणि त्या गडबडीत पाडव्याची परीक्षा घ्यायचीच राहून गेली. माझ्या ते लक्षात आले होते. डोळ्यांसमोर ढळढळीत अनियमितता असूनही मी पत्र लिहिले नाही, असे आयुष्यात एकदाच घडले आहे, आणि ते हेच.

नवा चिटणीस पस्तिशीचा वकील आहे. लहानपणी माझ्याच हाताखाली जोर काढायला शिकला. त्याला मी तीन पानी उत्तर पाठवले : नोटिशीवर जावक क्रमांक नाही, कार्यकारिणीच्या ठरावाचा उल्लेख नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे, सदर नाल पन्नास किलोंची असल्याबद्दल वैधमापनाचे कोणतेही प्रमाणपत्र जोडलेले नाही. पत्र पूर्ण झाल्यावर मी ते घरात मोठ्याने वाचून दाखवले. बायको शेंगा सोलत होती.

"झालं?" तिने विचारले. "हे वाचून दगड हलका होणार आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून मी तालमीच्या नव्या अर्ध्या भागात जाऊ लागलो. जुन्या भागात लाल माती आहे. नव्या भागात लोखंडी बार, रबरी चकत्या आणि भिंतभर आरसे. सकाळी तिथे शिकवतात त्या बाई चांदवडच्या. एका शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत, वयाने चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि कॉलेजात असताना वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांना जायच्या. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी नुसता बार हातात दिला. वीस किलो.

"मला पन्नास उचलायचे आहेत," मी म्हणालो.

"उचला की. चैत्राला उचला. आज ह्यो उचला."

"मी चाळीस वर्षे धुरीवर..."

"काका, कांद्याच्या गोण्या मी चौदाव्या वर्षापासून टाकलेल्या हायत टेम्पोत. तरी मला सरांनी पहिल्या दिवशी काठीच दिली होती. माझा अपमान झाला नाय, तुमचा कसा होईल?"

पौषातल्या थंडीत लोखंड हाताला चावते. पहिल्या पंधरवड्यातल्या नोंदी वाचवत नाहीत. 'वीस. आठ वेळा. कंबर ताठ राहत नाही, असे मॅडमचे म्हणणे; मला मान्य नाही.' 'पंचवीस. म्हणणे मान्य.' 'तीस. जिना उतरताना कठड्याला धरावे लागले.' मग चकत्या सव्वा-सव्वा किलोने वाढू लागल्या. एका बाजूला सव्वा, दुसऱ्या बाजूला सव्वा, असे अडीच किलो मिळवायला मला कधी चार दिवस लागले, कधी आठवडा. चाळीसवर मी अडलो. 'चाळीस. दोनदा. तिसऱ्या खेपेस बार गुडघ्याशी थांबला.' पुढल्या दिवशी तेच. त्यापुढल्या दिवशीही तेच. न्यायालयात तारखा पडतात तशा माझ्या चाळीस किलोंवर तारखा पडत होत्या, आणि इथे ज्याच्यावर संतापावे असा न्यायाधीशही नव्हता. घरी येऊन मी पेपर उघडायचो आणि पहिल्याच बातमीवर डोळा लागायचा. पत्रे लिहायची राहिली. पदपथावरच्या उघड्या चेंबरबद्दल महापालिकेला तिसरे स्मरणपत्र द्यायचे होते, तेही राहिले.

माझा धीर वाढावा म्हणून मॅडमनी एकदा मोबाइलवर एक ॲप उघडले. त्यात वय, वजन आणि उचललेले किलो घातले की माणूस कोणत्या पायरीवर आहे ते कळते : नवशिका, प्राथमिक, मध्यम, प्रगत. माझे आकडे घातल्यावर पडदा हिरवा झाला.

"बघा! काका, तुम्ही प्रगत!"

"वय काढा," मी म्हणालो.

"निघत नाय. भरावंच लागतं."

"मग पंचवीस घाला."

त्यांनी पंचवीस घातले. मी प्राथमिक झालो.

घरी जाऊन मी त्या ॲपच्या कंपनीला सविस्तर लिहिले. त्याच हातांनी उचललेले तेच वजन एका रकान्यामुळे दोन पायऱ्या वर जाते, ते कोणत्या आधारावर? वयाची सूट हे वाजवी वर्गीकरण आहे, हे मला न्यायालयाच्या भाषेत समजते. पण उतारावर रथ कोणाचा जन्मदाखला पाहत नाही. माझ्या अभिप्रायाबद्दल आभार मानणारे उत्तर एका मिनिटात आले. ते कोणी वाचून पाठवले नव्हते, हे उघड होते.

मॅडमना मी ते सांगितले तेव्हा त्या खो खो हसल्या. मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "काका, राग हाय तो बारवर काढा. पण बार उचलताना राग नका धरू. श्वास अडतो."

माघात बारवर पंचेचाळीस किलो छातीपर्यंत आले. त्या आनंदात मी मातीच्या बाजूला जाऊन नालेला हात घातला. ती गुडघ्याच्या वर आली नाही. मॅडमना आश्चर्य वाटले. बार गोल आणि सरळ, दगड बोजड, पकड वेगळी, अशी काहीतरी संगती त्यांनी लावली. पण ती त्यांना स्वतःलाच पटलेली दिसली नाही.

त्याच आठवड्यात चिटणीस मला भेटायला तालमीत आला. माझी तीन पाने त्याच्या हातात होती.

"काका, वजन कशाला करायचं? तुम्ही बारवर पन्नास उचला, मी सही करतो. कलमाचा हेतू तोच ना?"

"कलमात नाल लिहिली आहे. बार लिहिलेला नाही."

"मग नाल उचला."

"आधी ती पन्नासची आहे हे सिद्ध करा. पुरावा काय?"

त्याने दगडाकडे बोट दाखवले. "तुम्हीच रंगवून घेतलंय की त्याच्यावर."

खरे सांगायचे तर माझ्या मनात वजनाबद्दल शंका नव्हती. मला मुदत हवी होती. पक्षकाराची तयारी नसली की वकील कागदात खोट काढतो, हे मी छत्तीस वर्षे पाहिले होते. चिटणीस माझ्याकडे बघत राहिला, आणि माझा जुना शिष्य असल्यामुळे त्याने माझी मागणी मान्य केली. भाजीच्या एका आडत्याकडचा इलेक्ट्रॉनिक काटा दुसऱ्या दिवशी तालमीत आला. दोघांनी मिळून नाल त्यावर ठेवली. आकडे वरखाली होऊन थांबले. अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम.

काटा बिघडला असेल म्हणून आम्ही वीस किलोंची चकती ठेवून पाहिली. वीस किलो.

"म्हणून!" मॅडम ओरडल्या. "म्हणून बारवर येतं अन् दगडावर अडतं! काका, आठ किलो लय असतं. आठ किलोला वर्ष जातं माणसाचं."

सगळे मोठमोठ्याने बोलू लागले. इतकी वर्षे आपण अठ्ठावन्न उचलत होतो, याचा बाकीच्यांना अभिमान वाटत होता; कोणी एकमेकांचे दंड दाबून बघत होते. मी कपाटाकडे गेलो. खालच्या कप्प्यातून तेवीस वर्षांपूर्वीची वही काढली आणि ते पान उघडले. माझ्या सुंदर अक्षरात लिहिले होते : 'नाल कंबरेपर्यंत. छातीला लागली नाही. अपात्र.'

कलमात पन्नास लिहिलेले आहे. मी त्यांच्यासमोर अठ्ठावन्न ठेवले होते. स्टॅम्प कमी आहे म्हणून शेकडो अर्ज परत करणाऱ्या माणसाने ऐकीव गोष्टीवर कायदा केला, त्या ऐकीव गोष्टीला ऑइलपेंट लावला, आणि पहिला निकाल आपल्या गुरूवर दिला. सत्तर वर्षांच्या माणसाने अठ्ठावन्न किलो कंबरेपर्यंत आणले होते. पन्नास असते तर ते छातीला लागले असते, यात मला तेव्हाही शंका वाटली नाही, आजही वाटत नाही. मी तिथेच बाकावर बसलो. इतका थकवा मला बारने कधी दिला नव्हता.

आणि तरीही त्याच बाकावर बसल्याबसल्या माझ्या डोक्यातल्या कारकुनाने दुसरा मुद्दा काढला, हेही लपवत नाही. जो नियम वस्तादांना लागू, तो मलाही लागू. कलम पन्नास म्हणते. मग माझी परीक्षाही पन्नासचीच झाली पाहिजे. बारवर मी पन्नासच्या जवळ होतो. मुदत मागताना माझ्या हाती जिंकणारा मुद्दा लागला होता.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहिला. भाग एक : वस्तादांच्या नावापुढील नोंद नियमबाह्य असल्याने रद्द करावी. भाग दोन : अर्जदाराची परीक्षा पन्नास किलोंवर घ्यावी. सर्वसाधारण सभेत भाग एक एकमताने मंजूर झाला. भाग दोनवर चिटणीस म्हणाला, "त्यात ठराव कशाला? काका येतील तेव्हा बार तयार असेल." टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या.

फाल्गुनात, बारवर पन्नास पहिल्यांदा छातीला लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी, ठरावाची प्रमाणित प्रत घेऊन मी निफाडच्या एसटीत बसलो. चांदोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षांची काढणी चालू होती. वस्तादांची मुलगी माझ्याच वयाची. मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती क्रेट भरणाऱ्या बायकांवर देखरेख करत होती. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"या भाऊ. फार वर्षांनी वाट चुकलात."

मी पाकीट पुढे केले. तिने पदराला हात पुसून कागद उलगडला आणि उभ्याउभ्या वाचला. मला वाटले, ती रडेल. ती हसली.

"अठ्ठावन्न भरली का? बाबा साठ म्हणायचे."

"म्हणजे?"

"त्यांना ठाऊक होतं. तरुणपणी कुणाशी तरी पैज लागली होती, तेव्हा बैलगाडीत घालून गुळाच्या काट्यावर नेली होती म्हणे. काटा जुना असेल, दोन किलो जास्त दाखवले."

"मग त्या दिवशी ते बोलले का नाहीत?"

"मी पण विचारलं होतं." ती क्रेटवर बसली. "तर म्हणाले, सांगितलं असतं तर तो कारकून पत्र लिहील, पाथरवट बोलावील अन् दगड तासून बरोब्बर पन्नासचा करील. चांगली नाल वाया जाईल."

शेडमधल्या बायका हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला. तिने चहा सांगितला. चहा येईपर्यंत पावसाळी हवेची, द्राक्षांना येणाऱ्या तड्यांची बोलणी झाली. मग मी विचारले, "माझ्यावर फार राग होता का त्यांचा?"

"होता की," ती सरळ म्हणाली. "नियमाचा नव्हता. चौदा वर्षांत तुम्ही दोनदा आलात, त्याचा होता."

ठरावाची प्रत तिने क्रेटच्या थप्पीवर ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर द्राक्षे कापायची कात्री ठेवली. निघताना माझ्या हातात दोन किलोंची पेटी दिली. ती घेऊन स्टँडपर्यंत चालताना मला तीन वेळा हात बदलावा लागला.

पाडव्याच्या सकाळी घरोघरी गुढ्या उभ्या राहत होत्या तेव्हा मी तालमीत पोहोचलो. मॅडम शाळेला सुट्टी म्हणून मुद्दाम थांबल्या होत्या. मातीच्या कडेला बार मांडून ठेवला होता. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा किलो, वीसचा बार. बरोबर पन्नास. त्या आठवड्यात मी तेवढे तीनदा उचलले होते. पलीकडे मातीत नाल. चार जण आधीच पात्र ठरून घाम पुसत होते. त्यांनी दगडच उचलला होता.

"या काका," चिटणीस म्हणाला. "बार इकडे आहे."

मी हाताला खडू लावला. बारच्या मागे जाऊन उभाही राहिलो. पंधरा मिनिटांत घरी जाऊन बायकोला सांगता आले असते की यंदाही धुरीवर आहे. कायदा माझ्या बाजूने होता. त्यातला एक शब्दही मला वाकवावा लागत नव्हता. पण मला सारखा तो पाथरवट दिसत होता, छिन्नी घेऊन बसलेला. वस्तादांना कोणी बार मांडून दिला नव्हता.

"नाल," मी म्हणालो.

"काका, कलमात पन्नास आहे. तुमचाच मुद्दा आहे तो."

"माझाच आहे. मी मागे घेतो. त्या कलमातला आकडा खोडा आणि नुसते 'मोठी नाल' ठेवा. तिचे वजन तिला ठाऊक आहे."

मॅडम माझ्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "येणार नाय काका. मी रोजची बघतेय तुम्हाला."

"ठाऊक आहे, मॅडम."

"मग टाच रोवा नीट. कंबर ताठ. राग नाय."

मी नमस्कार करून दोन्ही हात पोकळीत घातले. ती जमिनीवरून सुटली. गुडघ्यापर्यंत आली, तिथे नेहमी अडायची, पण त्या दिवशी पुढे सरकली. मांडीवर आली. मग कंबर. आसपास कोणीतरी "चला काका, चला" म्हणत होते. मी श्वास घेतला आणि तिला वर ओढले, आणि माझ्या लक्षात आले की वर ओढायला माझ्यापाशी आता काही शिल्लक नाही. राग असता तर कदाचित बोटभर वर आली असती. रागही संपला होता. मला ती सावकाश खाली ठेवायची होती. ते जमले नाही. ती पडली. माती उडून चिटणीसाच्या वहीवर पडली.

चिटणीस पेन हातात घेऊन उभा होता.

"लिहा," मी म्हणालो.

"काका..."

"माझ्यासमोर लिहा. मी त्यांच्यासमोर लिहिले होते."

त्याने लिहिले. मी त्याच्या खांद्यावरून पाहिले. त्याचे अक्षर वाईट आहे. मी काही बोललो नाही.

एकादशीच्या दिवशी, वस्ताद बसले होते त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचे मी ठरवले होते. तिथे आधीच एक कुटुंब लहान मुलांना घेऊन बसले होते. मी उभा राहिलो, रथ आला, गर्दीने मला पुढे लोटले आणि कोणीतरी माझ्या हातात दोर दिला. एकेचाळीस वर्षांत मी तो कधी धरला नव्हता. दोर ओढताना रथ दिसत नाही. तो पाठीमागे असतो. आपल्याला समोरच्याची पाठ आणि रस्ता दिसतो. माझ्या पुढे एक बाई होती, शेजारी एक शिंप्याचे दुकान चालवणारा गृहस्थ. मी किती किलो ओढत होतो ते कोणी सांगू शकणार नाही.

वळणापाशी दोर एकदम ढिला पडला. सगळे थांबले. मागे धुरीवर सहा जणांनी छाती लावली असणार. लाकडाचा करकर आवाज मी ओळखला. त्या क्षणी दोरवाल्यांना काही काम नसते. ते नुसते उभे राहतात. हे मला कधी माहीतच नव्हते. शेजारचे गृहस्थ कपाळ पुसत म्हणाले, "इथं दोन मिनिटं जरा दम खायला मिळतो बघा."

मी मान डोलावली आणि ढिला दोर हातात धरून, पुन्हा ताण येण्याची वाट बघत उभा राहिलो.